वाऱ्याचं माप: पवनचक्कीची वीज मोजणाऱ्यांचा इतिहास

क्लीव्हलंडला लेक ईरीच्या काठावर जे सायन्स सेंटर आहे, तिथे आपल्यापैकी बहुतेकजण मुलांना घेऊन एकदा तरी गेलेले असणार. देशातून आई-बाबा आले की रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमसमोर एक फोटो आणि शेजारच्या सायन्स सेंटरला एक फेरी, हा आपला ठरलेला कार्यक्रम! या सेंटरच्या अंगणात २००६ साली एक पवनचक्की उभी राहिली. डेन्मार्कच्या व्हेस्टास कंपनीची, आधी वापरलेली, डागडुजी करून इकडे आणलेली. तीन पाती, पात्यांच्या वर्तुळाचा व्यास २७ मीटर, क्षमता २२५ किलोवॅट.

गंमत अशी, की याच शहरात त्याच्याही ११८ वर्षं आधी वाऱ्यावर वीज तयार होत होती. तिथून दोन-तीन मैलांवर, युक्लिड अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका बंगल्याच्या परसात!

ब्रशसाहेबांच्या परसातली चक्की

चार्ल्स ब्रश हे त्या बंगल्याच्या मालकांचं नाव. (डायनामोमध्ये ‘ब्रश’ नावाचा एक भाग असतो, पण त्याचा या गृहस्थांच्या आडनावाशी काही संबंध नाही.) २९ एप्रिल १८७९ रोजी क्लीव्हलंडच्या पब्लिक स्क्वेअरमध्ये १२ आर्क दिवे लावून त्यांनी अख्खा चौक उजळून टाकला होता. पुढे त्यांची कंपनी फिरत फिरत जनरल इलेक्ट्रिकमध्ये विलीन झाली. म्हणजे पैशाची ददात नव्हती आणि हौसेला मोल नव्हतं.

१८८७-८८ च्या हिवाळ्यात त्यांनी घरामागे पवनचक्की उभारली. १७ मीटर व्यासाचं चाक, त्याला देवदाराच्या लाकडाची १४४ पाती, आणि हे सगळं तोलून धरणारा ६० फुटी लोखंडी मनोरा. तळघरात बॅटरीचे ४०८ सेल. त्यावर घरातले साडेतीनशे दिवे चालत. ही चक्की सुमारे वीस वर्षं फिरली. ‘सायंटिफिक अमेरिकन’ने २० डिसेंबर १८९० च्या अंकात तिच्यावर सविस्तर लेख छापला. वारा फुकट मिळतो म्हणून ही वीज स्वस्त पडते असं कुणी समजू नये, यंत्रसामग्रीचा खर्चच दांडगा आहे, अशी समज त्या लेखात वाचकांना दिली होती. आजच्या जाहिराती लिहिणाऱ्यांनी हा लेख वाचायला हरकत नाही!

तसा पहिला मान ब्रशसाहेबांचा नाही. त्याआधी काही महिने, जुलै १८८७ मध्ये, स्कॉटलंडमधल्या मेरीकर्क गावी प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी आपल्या सुट्टीतल्या घराच्या बागेत कापडी शिडांची चक्की लावून घर उजळलं होतं. उरलेली वीज गावच्या रस्त्यावरच्या दिव्यांना देऊ केली, तर गावकऱ्यांनी ‘हे सैतानाचं काम’ म्हणून नको म्हटलं असं सांगतात.

आता जरा आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. ब्रशसाहेबांची चक्की १७ मीटर व्यासाची आणि जास्तीत जास्त १२ किलोवॅटची. सायन्स सेंटरची २७ मीटरची आणि २२५ किलोवॅटची. वर्तुळाचं क्षेत्रफळ अडीचपट, पण क्षमता जवळजवळ एकोणीसपट! आणि ती १४४ च्या जागी फक्त तीन पात्यांनी. शहर तेच, तळ्यावरून येणारा वाराही तोच. मग मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत नक्की काय झालं?

लोखंड सुधारलं, डायनामो सुधारले, हे तर झालंच. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माणसं चक्कीची ताकद मोजायला शिकली. आणि हे मोजणं बहुतेक वेळा मोठ्या चक्कीवर नाही, तर टेबलावर मावेल अशा छोट्या मॉडेलवर झालं. त्या मोजमापाचीच ही गोष्ट.

स्मीटनची दोरी आणि वजनाचं पारडं

गोष्ट सुरू होते १७५९ साली, इंग्लंडमध्ये. आपल्याकडे त्या वेळी नानासाहेब पेशव्यांची कारकीर्द चालू होती आणि पानिपत अजून दोन वर्षं दूर होतं. जॉन स्मीटन नावाच्या पस्तिशीतल्या इंजिनियरने त्या वर्षी रॉयल सोसायटीसमोर पाणचक्क्या आणि पवनचक्क्यांवरच्या आपल्या प्रयोगांचा निबंध वाचला. त्याबद्दल त्याला सोसायटीचं मानाचं कोप्ले पदक मिळालं. समुद्रातल्या खडकावरचं प्रसिद्ध एडिस्टन दीपगृहही त्याने याच वर्षी पुरं केलं.

त्या वेळी वीज नव्हती, मीटर नव्हता आणि वॅट हा शब्दही नव्हता. इतकंच काय, मनासारखा वाराही नव्हता. उघड्या माळावरचा वारा क्षणाक्षणाला बदलतो, मग एका प्रकारची पाती चांगली की दुसऱ्या, हे ठरवणार कसं? स्मीटनने सरळ उलटा विचार केला. वारा चक्कीकडे येत नसेल, तर चक्कीच स्थिर हवेतून फिरवू या. जमिनीत एक उभा खांब, त्याला एक लांब आडवा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला सुमारे २१ इंच लांबीच्या पात्यांची छोटी चक्की. खांबाला गुंडाळलेली दोरी एका माणसाने लंबकाच्या ठेक्यावर ओढत राहायची. दांडा एकसारख्या वेगाने फिरला की चक्कीला एकसारखा वारा मिळाला! पाहिजे तेवढा आणि पुन्हा पुन्हा तस्साच.

आता ताकद कशी मोजायची? फिरणाऱ्या पात्यांच्या दांड्याला एक बारीक दोरी बांधली आणि दोरीच्या टोकाला वजनाचं पारडं टांगलं. चक्की फिरली की दोरी गुंडाळली जाते आणि पारडं वर चढतं. किती वजन, किती वेळात, किती उंच उचललं, त्यावरून चक्कीचं काम कळलं.

यात एक फार महत्त्वाची गोष्ट स्मीटनने केली. त्याने पारड्यातलं वजन बदलून बदलून पाहिलं. पारडं रिकामं ठेवलं तर चक्की सगळ्यात जोरात फिरते, पण काम शून्य, कारण काही उचललंच जात नाही. वजन फार टाकलं तर चक्की अडून बसते, तेव्हाही काम शून्य. या दोन शून्यांच्या मध्ये कुठेतरी एक वजन असं असतं, की वजन आणि वेग यांचा गुणाकार सगळ्यात मोठा येतो. चक्कीची खरी ताकद ती!

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे अडीचशे वर्षं सगळ्यांना तेच पुरलं आहे.

स्मीटनला आणखी एक नियम सापडला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर चक्कीचं काम दुप्पट किंवा चौपट होत नाही, जवळजवळ आठपट होतं. म्हणजे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. कारण समजायला सोपं आहे. वेग दुप्पट झाला की दर सेकंदाला दुप्पट हवा पात्यांवर येते, आणि त्या हवेच्या प्रत्येक किलोत चौपट ऊर्जा असते. दोन गुणिले चार म्हणजे आठ. आज कुठल्याही विंड फार्मची जागा निवडताना हाच नियम वापरतात.

व्होल्ट म्हणजे वॅट नव्हे

आता थोडं आपल्या तळघरात, म्हणजे बेसमेंटमध्ये येऊ या. इथल्या शाळांत सायन्स फेअरचं खूळ किती असतं हे सगळ्या आई-बापांना माहीत आहे. फेअरला गेलात तर एक तरी पवनचक्कीचं मॉडेल हमखास दिसतं. छोटी डीसी मोटर (ती उलटी फिरवली की जनित्र होते), पुठ्ठ्याची पाती, समोर टेबल फॅन, आणि मोटरच्या दोन तारांना लावलेला मल्टिमीटर. त्यावर ‘२.४ व्होल्ट’ असा आकडा दिसतो आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘आमची चक्की इतकी वीज तयार करते.’

पण मंडळी, हे स्मीटनचं रिकामं पारडं झालं! मीटरचा रोध इतका मोठा असतो, की त्यातून वीजप्रवाह जवळजवळ वाहतच नाही. चक्की नुसती भिरभिरते आहे, काम काहीच करत नाही. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं, तर एकच माणूस वेबसाइट उघडून बसला आहे आणि साइट किती फास्ट आहे म्हणून आपण खूश होतोय. खरा कस लागतो तो लोड टेस्टिंगला.

आमच्या पाचवीतल्या कन्येने गेल्या वर्षी हा प्रयोग केला, तेव्हा आम्ही स्मीटनचीच रीत वापरली, फक्त वजनांच्या ऐवजी रेझिस्टर. जुन्या प्रिंटरमधली मोटर, ३० सेंटिमीटर व्यासाची पाती, आणि पंख्यासमोर वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर. मोटरच्या तारांना एकेक रेझिस्टर जोडायचा, त्याच्या दोन टोकांमधले व्होल्ट वाचायचे, व्होल्टचा वर्ग करून रोधाने भागायचं. आले वॅट. इतकं सोपं. तिच्या वहीतले आकडे असे:

२२० ओहम: २.०३ व्होल्ट, १९ मिलिवॅट
१०० ओहम: १.७१ व्होल्ट, २९ मिलिवॅट
४७ ओहम: १.३० व्होल्ट, ३६ मिलिवॅट
२२ ओहम: ०.८५ व्होल्ट, ३३ मिलिवॅट
१० ओहम: ०.४८ व्होल्ट, २३ मिलिवॅट

रोध कमी करत जाणं म्हणजे पारड्यात वजन टाकत जाणं. व्होल्ट एकसारखे उतरत जातात, पण ताकद आधी वाढते, ४७ ओहमच्या आसपास टोक गाठते, आणि मग घसरते. चक्कीची खरी ताकद ३६ मिलिवॅट. एक वॅटचा जेमतेम अठ्ठाविसावा भाग! लाल एलईडी छान पेटला, पण पांढऱ्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात, त्यामुळे त्याने डोळासुद्धा उघडला नाही. कन्येच्या आजीने फोनवरून विचारलं, “एवढ्याने गं काय होणार?” कन्येने शांतपणे सांगितलं, “आजी, पण माझा आकडा खरा आहे.”

या प्रयोगामागे एकोणिसाव्या शतकातली बरीच थोर माणसं उभी आहेत. व्होल्ट, प्रवाह आणि रोध यांचं नातं गेऑर्ग ओहमने १८२७ साली मांडलं. तारेतून प्रवाह गेला की किती उष्णता निर्माण होते ते जेम्स जूलने १८४१ मध्ये मोजलं. ‘वॅट’ हे एकक १८८२ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात सुचवलं, म्हणजे ब्रशसाहेबांच्या चक्कीच्या फक्त सहा वर्षं आधी. आणि व्होल्ट, अँपियर, ओहम असं सगळं एकाच डबीत मोजणारं यंत्र आलं १९२३ मध्ये. ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मकाडी या इंजिनियरला तीन वेगवेगळी मीटरं घेऊन हिंडायचा कंटाळा आला होता, म्हणून! तोच तो ‘अ‍ॅव्हो मीटर’. देशात इंजिनियरिंग केलेल्यांना कॉलेजच्या लॅबमधला नाशिकच्या मोटवाने कंपनीचा मल्टिमीटर आठवत असेल, तो याच घराण्यातला.

वाराच चुकीचा मोजला तर?

चक्कीतून किती निघालं हे कळलं. पण वाऱ्यात मुळात किती होतं? तेही कळलं पाहिजे, नाहीतर चक्की चांगली की वाईट हे कसं सांगणार?

इथे तो घनाचा नियम आपल्याच अंगावर येतो. वाऱ्याचा वेग मोजण्यात १० टक्के चूक झाली, तर वाऱ्याच्या ताकदीच्या हिशोबात ३३ टक्के चूक होते. आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या थॉमस रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये चार वाट्यांचं फिरतं वायुवेगमापक बनवलं. हवामान खात्याच्या गच्चीवर गरगर फिरणाऱ्या वाट्या आपण पाहतो, त्यांचा हा पणजोबा. वाट्या नेहमी वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरतात, असं रॉबिन्सन यांचं म्हणणं होतं. पुढे लक्षात आलं, की हे प्रमाण वाट्यांच्या आणि दांड्यांच्या मापाप्रमाणे बदलतं. म्हणजे तोवर कित्येक ठिकाणी वारा होता त्यापेक्षा जोरकस नोंदला गेला होता. १९२६ मध्ये कॅनडाच्या जॉन पॅटरसन यांनी चारच्या जागी तीन वाट्या बसवल्या, आणि तीच रीत पुढे रूढ झाली.

चुकीचा आकडा किती काळ जिवंत राहतो याचं सगळ्यात नामांकित उदाहरण मात्र स्मीटनच्याच निबंधात आहे. त्यात वाऱ्याचा वेग आणि त्याचा सपाट पृष्ठभागावरचा दाब यांचं एक कोष्टक होतं. ते त्याचं स्वतःचं नव्हतं, राउस नावाच्या स्नेह्याकडून आलेलं होतं. त्यातून निघणारा ०.००५ हा गुणांक ‘स्मीटनचा गुणांक’ म्हणून दीडशे वर्षं पुस्तकापुस्तकांतून उतरवला गेला. एवढ्या मोठ्या माणसाच्या नावाचा आकडा, तपासणार कोण?

तपासला तो आपल्या ओहायोतल्याच दोन सायकल दुकानदारांनी. १९०१ साली डेटनच्या राइट बंधूंचं ग्लायडर किटी हॉकच्या वाळूवर गणितात येत होतं त्याच्या जेमतेम एक तृतीयांश वजन उचलत होतं. घरी येऊन त्यांनी दुकानातच एक लाकडी वायुबोगदा बनवला, सायकलच्या स्पोकचे आणि करवतीच्या पात्यांचे तराजू केले, आणि पंखांची छोटी छोटी मॉडेलं एकेक करून मोजली. स्वतःच्या ग्लायडरच्या नोंदींवरून त्यांनी काढलेला गुणांक होता सुमारे ०.००३३. जुना आकडा दीडपट फुगलेला होता! दोन वर्षांनी विमान उडालं, ते या मोजलेल्या आकड्यांवर.

आस्कोवचे मास्तर

याच सुमाराला डेन्मार्कच्या आस्कोव गावात पोल ला कूर नावाचे एक मास्तर होते. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी चालवलेल्या लोकशाळेत ते शिकवत. शहरात वीज आली, खेड्यात कधी येणार, ही त्यांची तळमळ होती. आपल्याकडच्या सहकार चळवळीच्या जातकुळीतला माणूस म्हणा ना. १८९१ मध्ये सरकारी मदतीने त्यांनी शाळेत प्रयोगाची चक्की उभारली. वारा थांबला की वीज थांबते, म्हणून त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून साठवायचा आणि त्यावर शाळेचे दिवे लावायचे, अशी व्यवस्था १८९५ पासून काही वर्षं चालली. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळून स्फोट व्हायचे आणि खिडक्यांच्या काचा पुन्हा पुन्हा बसवाव्या लागायच्या, असंही सांगतात. आज ‘ग्रीन हायड्रोजन’ म्हणून जे नवं म्हणतात ते एका खेड्यातल्या शाळेत सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय!

१८९६ च्या सुमाराला ला कूर यांनी वायुबोगदा बनवला आणि त्यात मॉडेल चक्क्यांची पाती तपासली. निष्कर्ष त्या काळच्या समजुतीच्या उलट निघाला. पुष्कळ पाती लावून हळू फिरवण्यापेक्षा थोडी पाती लावून वेगाने फिरवणं वीज काढण्यासाठी जास्त चांगलं. ब्रशसाहेबांच्या १४४ पात्यांना मिळालेलं हे उत्तर, आणि तेही मोठा मनोरा न उभारता, मॉडेल मोजून.

ला कूर १९०८ मध्ये गेले, पण तोवर त्यांनी खेड्यातल्या मुलांना ‘पवन-विजेचे कारागीर’ म्हणून तयार करायला सुरुवात केली होती. १९१८ पर्यंत डेन्मार्कमध्ये सुमारे १२० स्थानिक वीजकेंद्रांकडे २० ते ३५ किलोवॅटच्या चक्क्या होत्या. त्यांचाच एक विद्यार्थी योहानेस यूल. त्याने १९५७ मध्ये गेडसर येथे तीन पात्यांची, २४ मीटरची, २०० किलोवॅटची चक्की बांधली. आजच्या चक्क्यांची ही आजीबाई.

तिचा धागा पुन्हा आपल्या क्लीव्हलंडला येऊन मिळतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेला वारा आठवला आणि काम सोपवलं गेलं नासाच्या इथल्या केंद्रावर. १९७५ मध्ये त्यांनी सँडस्कीजवळ प्लम ब्रूकला १०० किलोवॅटची प्रायोगिक चक्की उभारली. सीडर पॉइंटला रोलर कोस्टरवर बसायला जाता ना, तिथून जवळच! आणि तेव्हा बंद पडलेली गेडसरची चक्की सत्तरच्या दशकात दुरुस्त करून पुन्हा फिरवली गेली, ती वीज काढायला नव्हे, नासाला मोजमापं हवी होती म्हणून.

१६ भागिले २७

मोजमापाला छत कुठे आहे हे जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० मध्ये सांगितलं. कितीही उत्तम चक्की केली तरी वाऱ्यातली १६ भागिले २७, म्हणजे ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा काढता येत नाही. का? सगळी ऊर्जा काढून घेतली तर हवा चक्कीमागे जागच्या जागी थांबेल, आणि मागची हवा थांबली तर पुढची येणार कुठून? घेतलेल्या वाऱ्यातला थोडा सोडून द्यावाच लागतो. दरवाज्यातल्या माणसाने आत सरकल्याशिवाय पुढच्याला येता येत नाही, हे गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये चढलेल्या मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

आता आमच्या बेसमेंटमधल्या चक्कीचा हिशोब पुरा करता येतो. ३० सेंटिमीटरच्या वर्तुळातून ३ मीटर वेगाने जाणाऱ्या वाऱ्यात सुमारे १.१५ वॅट असतात. बेट्झचं छत ०.६८ वॅट. हाती आले ०.०३६, म्हणजे मूळच्या तीन टक्के. बाकीचे पुठ्ठ्याच्या पात्यांनी, मोटरच्या घर्षणाने आणि तिच्या तारेतल्या उष्णतेने खाल्ले. उत्तम मोठ्या चक्क्या चाळीस टक्क्यांच्या पुढे जातात. पंख्याचा वारा दुप्पट करता आला असता तर आमच्याही वाट्याला आठपटीच्या आसपास आलं असतं!

पाटीवरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा

हे सगळं फक्त शास्त्रज्ञांच्या कामाचं आहे असं वाटत असेल, तर कॅलिफोर्नियाची कथा ऐका. ऐंशीच्या दशकाच्या पहिल्या पाच वर्षांत तिथे चक्क्यांची जत्रा भरली. सरकार करसवलत देत होतं ती किती पैसे गुंतवले यावर, किती वीज निघाली यावर नाही. मग काय, चक्क्या भराभर उभ्या राहिल्या आणि त्यातल्या कित्येक तितक्याच भराभर मोडल्या. १९८५ च्या अखेरीला केंद्राची सवलत संपली आणि जत्रा उठली.

डेन्मार्कने मात्र १९७९ पासून अनुदानासाठी एक अट घातली होती. चक्कीचा नमुना रिसो येथल्या चाचणी केंद्राने तपासून मान्य केलेला पाहिजे. त्यामुळे डॅनिश चक्क्या दिसायला बोजड, पण टिकल्या. कॅलिफोर्नियातही त्याच जास्त चालल्या. अमेरिकेने १९९२ मध्ये धोरण बदललं आणि सवलत तयार झालेल्या दर युनिटमागे देऊ केली. १९९८ मध्ये चक्कीची ताकद कशी मोजायची याचा आंतरराष्ट्रीय नियमच छापला गेला. वारा मोजायचा मनोरा चक्कीपासून किती अंतरावर हवा, सरासरी किती मिनिटांची घ्यायची (दहा!), सगळं त्यात ठरवून दिलेलं आहे.

छोट्या चक्क्यांचं पितळ उघडं पडलं इंग्लंडमध्ये, २००९ साली. घरांच्या छपरावर बसवलेल्या चक्क्या वॉरिक येथल्या प्रकल्पात वर्षभर मोजल्या, तर एका चक्कीमागे दिवसाला सरासरी २१४ वॅट-तास वीज निघाली. म्हणजे साठचा एक बल्ब साडेतीन तास! घरांच्या गर्दीत वारा अडतो, घुसळतो, आणि घनाचा नियम कुणालाच माफ करत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही हाच धडा गिरवला गेला. १९८६ च्या सुमाराला देशातले पहिले विंड फार्म समुद्रकाठी झाले, त्यात रत्नागिरी भागही होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर चक्क्यांची रांगच्या रांग उभी राहिली. ठोसेघरचा धबधबा पाहायला गेलेल्यांनी ती पाहिली असेल. त्या वेळी उद्योगांना ओढ होती ती मुख्यतः घसाऱ्यावर मिळणाऱ्या करसवलतीची. डिसेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने तयार केलेल्या दर युनिटमागे ५० पैसे देण्याची योजना आणली. पाटीवरच्या आकड्याकडून मीटरवरच्या आकड्याकडे, तेच पाऊल.

शिमला ऑफिसातल्या अण्णा मणी

शेवटी एक नाव, जे आपल्या मुलींना तरी सांगायलाच हवं. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची जुनी दगडी इमारत आहे. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून तिथे आलं, म्हणून पुणेकरांचं ते ‘शिमला ऑफिस’. रिक्षावाल्यालाही तेवढंच सांगावं लागतं. १९४८ मध्ये इंग्लंडहून हवामानाच्या उपकरणांचं शिक्षण घेऊन अण्णा मणी तिथे रुजू झाल्या. जन्म १९१८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या पिरमेडचा. बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली काम केलेलं. त्या वेळी साधं पर्जन्यमापकसुद्धा परदेशातून यायचं. मणीबाईंनी जवळजवळ शंभर उपकरणांची रेखाटनं ठरवून दिली आणि ती देशातच बनवायची घडी बसवली.

चुकीचं मोजण्यापेक्षा मुळीच न मोजलेलं बरं, अशी त्यांची ठाम धारणा होती. १९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत. बंगलोरला वाऱ्याची आणि सूर्यप्रकाशाची मोजणी करणारी उपकरणं बनवणारा छोटा कारखाना काढला. भारतातल्या वाऱ्याच्या आकडेवारीचा त्यांनी सहकाऱ्याबरोबर केलेला ग्रंथ १९८३ मध्ये निघाला. कुठल्या पठारावर, कुठल्या महिन्यात, किती वारा, हे आधी कागदावर आलं आणि मग देशभर विंड फार्म उभे राहिले. २००१ मध्ये त्या गेल्या.

ब्रशसाहेबांकडे पैसा होता, ला कूर मास्तरांकडे शाळा होती, राइट बंधूंकडे सायकलचं दुकान होतं आणि मणीबाईंकडे सरकारी कार्यशाळा. सारखी गोष्ट एकच. मोठ्या माणसाने सांगितलं, पुस्तकात छापलं, पाटीवर लिहिलं, एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. वजन टांगून पाहिलं, तेव्हाच मान्य केलं.

या दिवाळीत आकाशकंदील लावताना गच्चीवर, डेकवर जरा हात बाहेर काढून पाहा. लेक ईरीवरून येणारा नोव्हेंबरचा वारा चांगलाच झोंबतो. त्यात किती वॅट आहेत हे मुलांनी विचारलं, तर एक जुनी मोटर, चार-पाच रेझिस्टर आणि एक मल्टिमीटर एवढं सामान पुरे. उत्तर छोटं येईल, पण ते आपलं स्वतः मोजलेलं असेल.